दंत्य

वरचा, समोरचा, डावीकडचा दुसरा.
संक्रांतीला वहिनीने पार्सलने धाडलेल्या
तिळाच्या वडीत तो राहिला.
गोड बोला म्हणतात, आणि मी तेव्हापासून
तोंडावर हात धरून बोलते आहे.
सदानंद, अशी हाक मारली
की मधेच शिट्टी वाजते.
तो वरून विचारतो, कितवी झाली?
कुकर बंद करू का?

बर्नलीत जानेवारी एप्रिलपर्यंत चालतो.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी रकाने आखले.
एकतीस वर्षं कारखान्याची बिलं तपासली,
कपाटं, बिजागऱ्या, स्क्रू ग्रोसच्या हिशेबात;
आता एकच स्क्रू, माझ्या हाडात बसायचा,
आणि त्याचे चार भाव.

माशांची काचपेटी असलेलं क्लिनिक:
अठराशे पौंड, ठळक अक्षरांत.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत
स्कॅन वेगळा, वरची टोपी वेगळी,
हाड कमी पडलं तर तेही वेगळं.
बेरीज केली. एकतीसशे अडुसष्ट.
टाय घातलेला मुलगा म्हणाला,
महिना अठ्ठ्याऐंशी फक्त, तीन वर्षं.
डॉक्टर काही मला भेटले नाहीत.
मासे भेटले.

अंताल्याहून सहाशे नव्वद,
हॉटेल, विमानतळावरून गाडी, आणि समुद्र.
मी लिहिलं, पुढे स्क्रू हलला तर?
उत्तरात हृदयाचं चित्र आलं.

पुण्याहून भाचा, शार्दूल:
आत्या, तुझ्याकडून काय पैसे घ्यायचे!
हा सगळ्यांत महाग.
तिकीट दोनदा, मधे चार महिने हाड जुळायचं,
आणि मग जन्मभर
प्रत्येक घासाला त्याचे उपकार चावायचे.

दात कोरून पोट भरत नाही,
असं मी ऑफिसातल्या पोरींना
इंग्रजीतून सुद्धा समजावलेलं आहे.
आता रात्री बारा वाजता मीच, कॅल्क्युलेटर घेऊन.
सदानंद जिन्यावरून: झोपणार आहेस,
की कोरत बसणार आहेस?

चौथा दवाखाना गालिच्यांच्या दुकानावर.
जिना अरुंद, खुर्चीच्या हाताला चिकटपट्टी.
मिस एन्टविसलने साखर विचारली, गोळ्या विचारल्या,
मी बाजारात वांगं दाबून पाहते
तशी हिरडी दाबून पाहिली.
मग आरसा ट्रेमध्ये ठेवून म्हणाली,
काय चावता येत नाही तुम्हांला?

चावता सगळं येतं. बोलता येत नाही.
म्हणजे?
म्हणजे त, थ, द, ध, न.
पहिलीच्या वर्गासारखं म्हणून दाखवलं.
प्रत्येक अक्षरातून वारा गेला.

त्यांचा टी दातांना शिवत नाही,
मागच्या उंचवट्यावरूनच परत फिरतो.
तिने मास्क हनुवटीखाली ओढला,
जीभ दातांना लावून पाहिली.
ट. पुन्हा. ट.
मी म्हटलं, अजून पुढे, अजून. त.
भिंतीपलीकडे कुणीतरी गालिचा गुंडाळत होतं.
तिला जमलं नाही. हसली.
तिचाही खालचा एक दात वाकडा आहे.

मग एकच आकडा, पेनने: छब्बीसशे चाळीस,
यात सगळं आलं.
हाड जरा पातळ, आधी हिरडी बरी करू,
आणि एखादा रुजतच नाही, हे आधीच सांगते.
ते वाक्यही तिने त्याच कागदावर लिहिलं,
खाली सही केली.

घरी येऊन रकाने पुन्हा पाहिले.
ती स्वस्त नाही.
मी तळाला एक नवी ओळ आखली,
तिला काय नाव द्यायचं ते सुचेना,
चहा गार झाला.

आज माशांकडून फोन आला.
अजून विचारच चाललाय का?
नको, थँक्यू, म्हटलं,
आणि थ मधून एवढी हवा गेली
की पलीकडचा मुलगा म्हणाला, हॅलो?
लाइन तुटतेय का?
वरून सदानंद: तिसरी झाली गं!

गुरुवारी सव्वादहा.